रोबोरेसर किट: कॉलेजच्या लॅबसाठी घ्यावं का, आणि घेतलं तर काय सांभाळावं

रोबोरेसर म्हणजे एक-दशांश आकाराची, स्वतःहून धावणारी शर्यतीची गाडी; ती मुलं जोडतात आणि तिचा कोडही तीच लिहितात. आधी निर्णय सांगून टाकतो: घ्यावं. पण जोडून तयार आलेली गाडी घेऊ नये. सुटे भाग मागवावेत, मुलांकडून गाडी जोडून घ्यावी, आणि मंजूर रकमेतला पाचवा हिस्सा तरी बॅटऱ्या, सुटे भाग आणि ट्रॅक यांच्यासाठी राखून ठेवावा. पाच गाड्या घेऊन कपाट रिकामं ठेवण्यापेक्षा दोन गाड्या आणि भरलेलं कपाट कधीही बरं.

पुण्यात या विषयाची गरज वेगळी पटवून द्यायला नको. चाकण, पिंपरी, हिंजवडी या पट्ट्यात गाड्या बनतात, गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं, वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था उभी आहे. तरीही शेवटच्या वर्षाचा ‘सेल्फ ड्रायव्हिंग कार’ नावाचा प्रोजेक्ट उघडून बघितला तर बहुतेक वेळा काळ्या टेपवरून सरपटणारी, पुढे दोन अल्ट्रासोनिक सेन्सर लावलेली पाटी निघते. ती इतकी हळू चालते की तिचं काही चुकतच नाही. सेन्सरला उशीर झाला, टायर घसरला, ब्रेक उशिरा लागला, यातलं काहीही त्या वेगात दिसत नाही. रोबोरेसरची गाडी सेकंदाला तीन-चार मीटर धावते, आणि त्या वेगात मुलांच्या कोडमधली प्रत्येक चूक भिंतीवर जाऊन आदळते. शिकवणाऱ्याला हवं असतं ते हेच.

हा प्रकल्प पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एफवनटेन्थ या नावाने सुरू झाला. पहिली शर्यत २०१६ साली पिट्सबर्गला झाली. अलीकडे नाव बदलून रोबोरेसर केलं आहे, त्यामुळे जुनी कागदपत्रं आणि कोड शोधताना दोन्ही नावं घालावीत. एक गोष्ट परचेस कमिटीला आधीच समजावून सांगा: हे एका कंपनीचं एका खोक्यात येणारं किट नाही. भागांची यादी, जोडणीच्या पायऱ्या, सॉफ्टवेअर, सिम्युलेटर आणि प्रॅक्टिकलचा पूर्ण अभ्यासक्रम मोफत आणि खुला आहे. भाग मात्र तीन-चार ठिकाणांहून, तीन-चार बिलांवर येतात.

खाली ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश ४×४ ही एक-दशांश आकाराची रेडिओ कंट्रोल गाडी असते. तिचं वरचं प्लास्टिकचं कवच काढून टाकायचं, मूळचा स्पीड कंट्रोलर काढायचा, आणि त्या जागी व्हीईएससी नावाचा मोटर कंट्रोलर बसवायचा. याचं मूळ डिझाइन बेंजामिन वेडर या स्वीडिश इंजिनिअरचं, तेही खुलं. वरच्या पाटीवर एनव्हिडियाचा जेटसन हा छोटा संगणक, वीज वाटणारा पॉवर बोर्ड आणि सगळ्यात पुढे होकुयो कंपनीचा लायडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर. सगळं मिळून वजन पावणेचार किलोच्या आसपास भरतं.

लायडारवर पैसे वाचवू नका

सगळ्यात जास्त वाद इथेच होतो, कारण यादीतला होकुयो यूएसटी-१०एलएक्स एकटाच हजार डॉलरच्या वर जातो. कमिटीतलं कोणी ना कोणी विचारणारच की त्याच्या एक-दशांश किमतीत फिरता लायडार मिळतो, मग हा कशाला? उत्तर साध्या गणितात आहे. होकुयो सेकंदाला ४० वेळा समोरचं २७० अंशांचं चित्र देतो. स्वस्त फिरते लायडार साधारण १० वेळा देतात. गाडी सेकंदाला ५ मीटर धावत असेल तर होकुयोच्या दोन चित्रांमध्ये ती साडेबारा सेंटिमीटर पुढे जाते, स्वस्त लायडारच्या दोन चित्रांमध्ये अर्धा मीटर. अर्धा मीटर म्हणजे जवळजवळ गाडीची स्वतःची लांबी. शिवाय फिरत्या लायडारचं एक चित्र पूर्ण व्हायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, तेवढ्यात गाडी वळलेली असते, म्हणजे सरळ भिंतही चित्रात वाकडी येते.

बजेट खरंच नसेल तर एक मधला मार्ग आहे: एका गाडीला होकुयो, दुसरीला स्वस्त फिरता लायडार, आणि दुसरीचा वेग कोडमध्येच सेकंदाला दीड मीटरवर बांधून टाकायचा. सुरुवातीची प्रॅक्टिकल तिच्यावर नीट होतात, शर्यत होत नाही.

होकुयोच्याही मर्यादा आहेत. पाव अंशाच्या अंतराने तो १०८१ किरण सोडतो. १० मीटरवर दोन किरणांमध्ये जवळजवळ साडेचार सेंटिमीटर फट पडते, म्हणजे टेबलाचा बारीक पाय त्या फटीत लपू शकतो. काच त्याला दिसत नाही. कॉरिडॉरमध्ये काचेचा दरवाजा असेल तर लायडार आरपार बघतो आणि गाडी तिकडे मोकळी वाट समजून सुसाट सुटते. काचेवर लायडारच्या उंचीला फूटभर रुंदीचा तपकिरी कागद चिकटवा, काम भागतं. गुळगुळीत काळा ग्रॅनाइट तिरक्या कोनात किरण परत पाठवत नाही, त्यावरही तोच उपाय. हा सेन्सर छताखालच्या, बंदिस्त जागेतल्या वापरासाठी आहे हेही विसरू नये. आपल्याकडे अनेक कॉलेजांचे कॉरिडॉर एका बाजूने अंगणाकडे उघडे असतात. दुपारचं ऊन थेट लायडारवर आलं की खोटे ठिपके दिसायला लागतात. चाचण्या सकाळी घ्या किंवा ती बाजू पडद्याने झाका.

लायडार इथरनेटवर बोलतो आणि कारखान्यातून १९२.१६८.०.१० हा पत्ता घेऊन येतो. जेटसनच्या तारेच्या पोर्टला त्याच मालिकेतला दुसरा पत्ता हाताने द्यावा लागतो. लॅबच्या वायफाय राउटरची मालिकाही हीच असेल तर जेटसन गोंधळतो: लायडार चालू केला की इंटरनेट जातं, इंटरनेट जोडलं की लायडार जातो. राउटरची मालिका बदलून टाका.

गाडी एका बाजूला जास्त का वळते

मोटर कंट्रोलरच्या मूळ सेटिंग फाइलमधले आकडे बहुतेक टीम तसेच ठेवतात आणि मग दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत बसतात. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

स्टिअरिंगच्या सर्व्होला, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरला, ० ते १ मधला आकडा जातो. फाइलमध्ये मधला बिंदू ०.५३०४ आहे, कोनाचा गुणक उणे १.२१३५, आणि सर्व्होची मर्यादा ०.१५ ते ०.८५. आता मुलांना कागद-पेन घ्यायला सांगा. डावीकडे ०.५३०४ वजा ०.१५, भागिले १.२१३५, येतात ०.३१३ रेडियन, म्हणजे सुमारे १८ अंश. उजवीकडे ०.८५ वजा ०.५३०४, भागिले १.२१३५, येतात ०.२६३ रेडियन, म्हणजे सुमारे १५ अंश. आणि सिम्युलेटरमध्ये हीच गाडी दोन्ही बाजूंना २४ अंश वळते. ३३ सेंटिमीटर चाकांतर (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) धरलं तर सिम्युलेटरमधली गाडी पाऊण मीटरच्या त्रिज्येत फिरते, खरी गाडी डावीकडे एक मीटर आणि उजवीकडे सव्वा मीटर मागते. सिम्युलेटरमध्ये लोण्यासारखा चालणारा कोड खऱ्या ट्रॅकवर नेमका उजव्या वळणालाच का आपटतो, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला असावा. आधी जमिनीवर सरळ टेप लावून गाडी शून्य कोनात ५ मीटर चालवा आणि मधला बिंदू ०.००५ च्या पायरीने सरकवत गाडी टेपवर आणा. मग चाकं दोन्ही टोकांना नेऊन सर्व्हो कुठे कण्हतो ते ऐका. कण्हायला लागण्याच्या थोडं अलीकडे मर्यादा ठेवा, नाहीतर सर्व्होचे दाते जातात. शेवटी पूर्ण वळणात गोल फिरवून व्यास मोजा आणि त्यावरून खरा कोन काढून गुणक दुरुस्त करा. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

वेगाचंही तसंच. मूळ गुणक ४६१४ आहे. गाडी टेपवर मोजून ३ मीटर चालवा आणि ओडोमेट्री (मोटरच्या फेऱ्यांवरून काढलेलं अंतर) काय म्हणते ते बघा. ती ३.३ म्हणत असेल तर गुणक ३.३ भागिले ३ या पटीत वाढवायचा, म्हणजे ५०७५ च्या आसपास. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, पाच फेऱ्यांची सरासरी घ्या. टायर बदलले की पुन्हा मोजा. त्याच फाइलमध्ये मोटरच्या फेऱ्यांची कमाल मर्यादा २३२५० आहे, म्हणजे मूळ गुणकाने सेकंदाला ५ मीटर. पहिल्या महिन्यात ती निम्म्यावर आणून ठेवा. मुलं स्वतःहून ती खाली आणणार नाहीत.

गाडीसोबत येणाऱ्या मोटरला सेन्सर नसतो, त्यामुळे अगदी कमी वेगात ती अडखळते. सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षा कमी वेग मागितला की गाडी गचके खाते, आणि ‘हळू चालवून बघू’ म्हणणारी टीम मोटर बिघडली समजते. मोटर ठीक असते. चाचणी एक मीटरवर सुरू करा. मोटर ओळखण्याची प्रक्रिया व्हीईएससी टूलमधून करताना गाडी ठोकळ्यावर ठेवून चारही चाकं हवेत हवीत, कारण त्या प्रक्रियेत चाकं अचानक जोरात फिरतात.

बॅटरी: इथे घाई आणि आळस दोन्ही नको

गाडीला तीन सेलची, ५००० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लागते. भरलेली १२.६ व्होल्ट, चालू वापरात ११.१ च्या आसपास. चार्जिंग ५ अँपिअरवर, बॅलन्स लीड (प्रत्येक सेलला वेगळी जोडलेली बारीक तारांची पट्टी) लावूनच, आणि कोणीतरी समोर बसलेलं असताना. रात्री लॅबला कुलूप लावून चार्जिंग चालू ठेवणं हा गुन्हाच समजावा. चार्जर फरशीवर किंवा पत्र्यावर, शेजारी कोरड्या वाळूची बादली, फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाद. एप्रिल-मेमध्ये बॅटऱ्या स्कूटरच्या डिकीत किंवा खिडकीतल्या उन्हात राहू देऊ नका. सुट्टीआधी प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवावा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी सुट्टीनंतर हाताला लागते तेव्हा बहुधा गेलेली असते.

एक सापळा मात्र जवळजवळ प्रत्येक नव्या लॅबला पकडतो. व्हीईएससीमध्ये कमी व्होल्टेजला मोटर बंद करण्याची सोय आहे. १०.२ ला ताकद कमी व्हायला सुरुवात आणि ९.३ ला पूर्ण बंद, असे आकडे घातले की सगळ्यांना वाटतं बॅटरी सुरक्षित झाली. पण ही सोय फक्त मोटरपुरती आहे. जेटसन आणि लायडार पॉवर बोर्डावरून थेट बॅटरी पितात, त्यांना कोणी थांबवत नाही. गाडी उभी राहते, मुलं लॅपटॉपवर कोड दुरुस्त करत बसतात आणि तासाभरात बॅटरी ९ व्होल्टच्या खाली जाऊन कायमची बसते. उपाय अगदी स्वस्त आहे: बॅलन्स लीडला लावायचा लिपो अलार्म. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात मिळतो. तो सेलमागे ३.५ व्होल्टवर लावा आणि प्रत्येक गाडीला कायमचा बांधून टाका. दुसरं, कोड लिहिताना गाडी बॅटरीवर नव्हे, जेटसन भिंतीतल्या अडॅप्टरवर चालवा.

एका गाडीला किमान तीन बॅटऱ्या धरा. दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये एक गाडीत, एक चार्जरवर, एक थंड होत असलेली. कनेक्टर सगळे एकाच जातीचे, एक्सटी-६० किंवा एक्सटी-९०, आणि सोल्डरिंग एकाच माणसाचं. वेगवेगळ्या कनेक्टरना जोडणाऱ्या शेपट्या लॅबमध्ये ठेवूच नका. कधीतरी त्यातली एक उलटी सोल्डर झालेली असते.

जेटसन, आरओएस आणि वायफाय

आज नवीन घेत असाल तर ओरिन नॅनो घ्या आणि त्यावर जेटपॅक ६ ही एनव्हिडियाची सिस्टिम टाका, म्हणजे उबुंटू २२.०४ येतं आणि आरओएस २ ची, म्हणजे रोबोटचे प्रोग्राम एकमेकांशी जोडणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरची, हंबल आवृत्ती सरळ बसते. हंबलला २०२७ च्या मेपर्यंत आधार आहे. जुन्या झेवियर एनएक्सवर उबुंटू २०.०४ पर्यंतच जाता येतं, म्हणजे आरओएस २ ची फॉक्सी ही जुनी आवृत्ती, जिचा आधार २०२३ मध्येच संपला. वापरलेली गाडी कोणी स्वस्तात देऊ करत असेल तर हा हिशोब आधी करा. मेमरी कार्डावर सिस्टिम ठेवू नका, एनव्हीएमई एसएसडी लावा. बॅटरी निघाली की जेटसन झटक्यात बंद होतो, आणि अशा दहा-वीस झटक्यांनंतर कार्ड वाचायचं बंद होतं.

कॉलेजच्या वायफायवर गाड्या चालवण्याचा प्रयत्न सोडून द्या. आरओएस २ एकमेकांना शोधण्यासाठी मल्टिकास्ट वापरतं आणि मोठ्या नेटवर्कवर ते बहुधा बंद असतं. लॅबचा स्वतःचा ५ गिगाहर्ट्झचा राउटर, इंटरनेट नसलेला, पुरे. त्यावर दोन टीम एकाच वेळी काम करणार असतील तर प्रत्येक गाडीचा आरओएस डोमेन आयडी वेगळा ठेवणं सक्तीचं करा. दोघांचाही मूळचा शून्यच राहिला तर एका टीमच्या जॉयस्टिकवर दुसऱ्या टीमची गाडी धावते. हे ऐकायला गमतीचं वाटतं, पण त्या वेळी दुसऱ्या गाडीशेजारी कोणीतरी वाकून बसलेलं असू शकतं.

जॉयस्टिकच्या बाबतीत एकच नियम: बोट सुटलं की गाडी थांबली पाहिजे. मूळ सॉफ्टवेअरमध्ये डावं बटण दाबून ठेवलं तर हाताने, उजवं दाबून ठेवलं तर आपोआप, आणि काहीच दाबलं नाही तर थांबा, अशी रचना आहे. सतत बटण धरायचा कंटाळा आला म्हणून ही अट कोडमधून काढणाऱ्या टीमला त्या दिवशी गाडी देऊ नये. लॉजिटेक एफ७१० वापरत असाल तर त्यावरचं डी-एक्स हे बारीक बटण एका बाजूला ठेवून त्यावर टेप मारा. ते सरकलं की सगळ्या बटणांचे क्रमांक बदलतात आणि ‘काल चालत होतं’ सुरू होतं. यूएसबीचंही असंच: कंट्रोलर कधी एसीएम-०, कधी एसीएम-१ या नावाने उगवतो. लिनक्समध्ये यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणाऱ्या सोयीचा) नियम लिहून त्याला कायमचं नाव द्या. तार झिप टायने पाटीला बांधा, कारण धक्क्यांनी सगळ्यात आधी सुटतो तो हाच प्लग.

अभ्यासक्रम सेमिस्टरमध्ये कसा बसतो

प्रॅक्टिकलची मालिका फार विचारपूर्वक रचलेली आहे आणि आमच्या मते या प्रकल्पाची खरी कमाई तीच. आरओएसची ओळख, आपोआप ब्रेक, भिंतीला धरून चालणं, मोकळी फट शोधून पळणं, मग नकाशा बनवणं आणि नकाशात स्वतःची जागा ओळखणं, ठरलेल्या रेषेवर धावणं, शेवटी मार्ग आखणं आणि एमपीसी, म्हणजे पुढच्या काही क्षणांचा अंदाज घेत गाडी चालवण्याची रीत. चौदा-पंधरा आठवड्यांच्या सेममध्ये हे सगळं कोंबू नका. आठवड्याला दोन तास आणि गाडीमागे चार-पाच मुलं असतील तर ठरलेल्या रेषेवर धावण्यापर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ झालं. उरलेलं प्रोजेक्टवाल्यांसाठी ठेवा.

त्यातलं ब्रेकचं प्रॅक्टिकल जवळून बघण्यासारखं आहे. लायडारच्या प्रत्येक किरणासाठी अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे आदळायला उरलेला वेळ. तो अर्ध्या सेकंदाखाली गेला की ब्रेक. सिम्युलेटरमध्ये हे पहिल्या दिवशी चालतं. मग मुलांना फरशीवर विचारा: टायर आणि फरशीमधलं घर्षण ०.६ धरलं तर थांबायला किती अंतर लागेल? सेकंदाला २ मीटरला सुमारे ३४ सेंटिमीटर, आणि अर्धा सेकंद म्हणजे १ मीटर, भरपूर जागा. ४ मीटरला लागतात १.३६ मीटर, हाताशी आहेत २. आणि ६ मीटरला लागतात ३.०६, हाताशी आहेत ३. अर्ध्या सेकंदाच्या उंबरठ्यातून मिळणारं अंतर वेगासोबत सरळ वाढतं, थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने. वर लायडारचा, जेटसनचा आणि मोटरचा उशीर आहेच. हे फळ्यावर एकदा मांडलं की वर्गातल्या यांत्रिकीच्या समीकरणाला एकदम वजन येतं. लायडारपासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर वजा करायला अर्धी मुलं विसरतात, तेही इथेच लक्षात येतं.

घर्षणाचा आकडा पुस्तकातून घेऊ नका. सिम्युलेटरमध्ये तो १.०४८९ आहे. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर, वर खडूची धूळ असताना, तो कुठल्या कुठे खाली येतो. मोजायला सोपी रीत: दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा, गाडी त्यावर फिरवत वेग हळूहळू वाढवा, आणि ती बाहेर सरकायला लागते तो वेग टिपा. सेकंदाला ३ मीटरला सरकली तर ९ भागिले १.५ भागिले ९.८१, म्हणजे घर्षण सुमारे ०.६१. टायर ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुन्हा मोजा, आकडा वर गेलेला दिसेल. पावसाळ्यात बुटांमधून आलेल्या पाण्याने एकाच कॉरिडॉरचे दोन भाग वेगळे वागतात. शर्यतीच्या दिवशी दर फेरीआधी फरशी कोरड्या मॉपने पुसा, नाहीतर शेवटच्या टीमवर अन्याय होतो.

सिम्युलेटरचं काम प्रत्येक मुलाच्या लॅपटॉपवर डॉकरमधून होतं, त्यासाठी महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. गाडी हातात यायच्या आधी तोच कोड सिम्युलेटरमध्ये दहा फेऱ्या न आपटता पुरा झाला पाहिजे, अशी अट घाला. गाडीची दुरुस्ती बरीच कमी होते.

नकाशा बनवताना लांब, सरळ, दोन्हीकडे सपाट भिंती असलेला कॉरिडॉर निवडू नका. कुठेही उभं राहिलं तरी लायडारला चित्र सारखंच दिसतं, त्यामुळे सॉफ्टवेअरला आपण पुढे सरकलो हेच कळत नाही आणि नकाशातला कॉरिडॉर आखूड होतो. दर दोन-तीन मीटरवर एक खोका भिंतीला लावून ठेवा, फरक लगेच दिसतो. वेगाचा गुणक चुकलेला असेल तर हा त्रास दुप्पट होतो, म्हणून ते टेपवरचं मोजमाप नकाशाच्या आधी व्हायलाच हवं.

ट्रॅक कुठे आणि कशाचा

जागा फार लागत नाही. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटरचं असतं, त्यात दोन मीटर रुंदीचा छोटा ट्रॅक बसतो. मात्र लाकडी कोर्टवर परवानगी मिळणं कठीण, आणि ते योग्यच आहे. जेवणाच्या वेळेनंतरचं कॅन्टीन किंवा पार्किंगचा सिमेंटचा कोपरा चालतो. सिमेंटवर पकड उत्तम, टायर मात्र लवकर झिजतात.

हद्दीसाठी शर्यतींमध्ये लवचिक डक्ट पाइप वापरतात. आपल्याकडे त्याहून स्वस्त म्हणजे पन्हाळीच्या पुठ्ठ्याचा रोल, ३० ते ४० सेंटिमीटर उंचीचा, नागमोडी उभा केलेला आणि मागून विटांनी धरलेला. पुठ्ठा लायडारला छान दिसतो आणि आदळला तरी गाडीला काही होत नाही. वीट मात्र पुठ्ठ्याच्या आतल्या, ट्रॅककडच्या बाजूला कधीच नको. हद्दीची उंची ठरवण्याआधी लायडारची खिडकी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि हद्द तिच्यापेक्षा किमान पाच सेंटिमीटर उंच घ्या. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली जातं, वेग वाढला की वर येतं, आणि वर आलेला लायडार बुटक्या हद्दीवरून पलीकडे बघायला लागतो.

काय मोडतं

पुढचे सस्पेन्शनचे हात, सर्व्होचे दाते आणि वरची पाटी, याच क्रमाने. लेझरने कापलेली ॲक्रिलिकची पाटी स्क्रूच्या भोकापासून तडकते. भोसरीत किंवा कुठेही लेझर कटिंग करून घ्याल तेव्हा तीच फाइल देऊन दोन पाट्या जास्त कापून घ्या आणि स्क्रूखाली रबरी वायसर घाला. धातूत बसणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक, प्लास्टिकमध्ये बसणाऱ्यांना नाही. लायडार सगळ्यात पुढे असल्यामुळे पहिला मार त्यालाच बसतो, म्हणून त्याच्याही पुढे येईल असा जाड फोमचा बंपर पहिल्या दिवसापासून हवा. बंपर लायडारच्या खिडकीच्या खाली राहील असा कापा, नाहीतर सेन्सरला समोर कायम भिंत दिसते.

मोटरच्या दातेरी चाकांमध्ये कागदाची एक पट्टी घालून फट ठेवायची. कागद न फाटता, नुसता चुरगळून बाहेर आला पाहिजे. फट कमी राहिली तर गाडी शिट्टी घालते आणि मोटर तापते, जास्त राहिली तर दाते साफ होतात.

व्हीईएससीचे स्वस्त क्लोन मिळतात. चालतात, पण फर्मवेअरची आवृत्ती आणि आरओएसचा ड्रायव्हर यांची जोडी जुळते का ते विकत घेण्याआधी तपासा, आणि एकाच लॅबमध्ये दोन जातीचे कंट्रोलर ठेवू नका.

कोणी घेऊ नये

पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी हे जड आहे. लिनक्स, पायथन आणि थोडं सी++ येत नसेल तर सगळं सेम जोडणीतच जातं. त्यांच्यासाठी डाँकी कार बरी: रास्पबेरी पाय, एक कॅमेरा, आणि माणसाने चालवलेलं बघून शिकणारं न्यूरल नेटवर्क. खर्च बराच कमी, मजा तीच. पण तिथे गाडी का वळली हे मुलाला सांगता येत नाही. रोबोरेसरवर प्रत्येक वळणामागे एक समीकरण दाखवता येतं, आणि तोंडी परीक्षेत ते विचारता येतं.

खरेदीच्या कागदांबद्दल शेवटचं. चासी, जेटसन आणि लायडार डेडस्टॉक रजिस्टरला जाऊ द्या. बॅटऱ्या, सस्पेन्शनचे हात, सर्व्हो, टायर, पाट्या आणि पुठ्ठा मात्र सुरुवातीलाच कन्झ्युमेबलमध्ये दाखवा. सर्व्हो डेडस्टॉकला चढला तर तो मोडल्यावर निर्लेखनाचा प्रस्ताव, समितीची सही आणि नवीन कोटेशन होईपर्यंत सेम संपतं, आणि तोवर लॅब असिस्टंट मोडायच्या भीतीने गाडी कपाटातून काढत नाही. सर्व्हो गाडीमागे दोन, सस्पेन्शनच्या हातांचे दोन संच, टायरची एक जोडी आणि लिपो अलार्म चार, एवढं पहिल्याच ऑर्डरमध्ये घाला. जून-जुलैत सेम सुरू होणार असेल तर कोटेशन फेब्रुवारीत मागवा, कारण लायडार आणि चासी बाहेरून येतात आणि मार्चअखेर हिशोब बंद झाले की फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाते.